पितळ उघडं पडतं तेव्हा

टप्.

अमेरिकेत घरच्या घरी काडतुसं भरणारा माणूस या आवाजाची वाट पाहत असतो. पिस्तुलातून सुटी काढलेली नळी त्यानं एका हातात उभी धरलेली असते, तोंड खाली आणि मागचं भोक वर. दुसऱ्या हातातलं नुकतंच भरलेलं काडतूस तो त्या भोकात सोडून देतो. ढकलायचं नाही, ठोकायचं नाही. काडतूस आपल्याच वजनानं उतरायला हवं, 'टप्' करून जागेवर बसायला हवं आणि नळी उलटी केली की तितक्याच मुकाट्यानं बाहेर पडायला हवं. एकामागून एक काडतुसं अशी उतरत जातात. मग एखादं मध्येच अडतं. दोन मिलिमीटर बाहेरच राहतं. बोट फिरवलं की बुडाजवळ एका अंगाला किंचित उंचवटा लागतो. डोळ्याला तो धड दिसतही नाही, बोटाला मात्र कळतो.

भांडं आपटून आत दबलं की आपण त्याला पोचा पडला म्हणतो. इथे उलटं झालेलं असतं. धातू आतून बाहेर आलेला असतो. काडतुसाच्या पितळी कवचाला, म्हणजे गुन्ह्याच्या बातम्यांत 'घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं आपण वाचतो त्या पुंगळीला, फुगवटा आलेला असतो. हा फुगवटा कुठून येतो याचा माग काढत गेलं की बोटभर पितळेच्या पोटात किती विलक्षण गोष्टी दडल्या आहेत ते उलगडत जातं.

आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, आणि तिथे हा गॅरेजमध्ये बसून करायचा, चांगलाच रुळलेला छंद आहे. तेव्हा छंद त्यांचा राहू द्यावा. आपल्याला कुतूहल आहे ते पितळेचं, आणि पितळ आपल्याला परकं नाही.

कुकर, शिट्टी आणि पुंगळी

घरातला प्रेशर कुकर शिट्टी देतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ पौंड प्रति चौरस इंच जास्त असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो ३० ते ३५ पौंड असतो. आता ९ मिलिमीटरचं पिस्तुली काडतूस घ्या. १९०२ साली गेऑर्ग लुगर यांनी घडवलेलं हे काडतूस आज जगात सर्वांत जास्त चालणाऱ्या पिस्तुली काडतुसांपैकी एक आहे. अमेरिकी मानकानुसार त्याच्या आतला दाब ३५,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे टायरच्या हजारपट आणि कुकरच्या दोन हजारांहून अधिक पट. हा दाब पेलणाऱ्या पुंगळीची लांबी १९.१५ मिलिमीटर आणि तोंडाजवळची भिंत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ.

एवढी पातळ भिंत फाटत का नाही? कारण दाब खरोखर पेलते ती तिच्याभोवतीची पोलादी नळी. पुंगळीचं काम कुकरच्या रबरी रिंगचं आहे. दारू पेटते, वायू फुगतो आणि पुंगळीची भिंत बाहेर ढकलली जाऊन पोलादाला घट्ट चिकटते. आता मागे जायला वायूला फटच उरत नाही. तो एकाच वाटेनं, गोळीला पुढे रेटत जातो. गोळी नळीबाहेर पडली की दाब ओसरतो, पुंगळी आक्रसते, नळीची भिंत सोडते आणि बाहेर फेकली जाते. गोळी नळीतून सुटेपर्यंतचा सगळा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत उरकतो.

ही रबरी रिंग नव्हती तेव्हा काय व्हायचं ते इतिहासात नोंदलेलं आहे. १८४१ साली प्रशियाच्या सैन्यानं स्वीकारलेली ड्रायझेची बंदूक मागून भरता येई, पण तिचं काडतूस कागदी होतं. सांध्यातून तापलेला वायू मागे निसटे आणि नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येई. आपल्या इतिहासातलं सर्वांत परिचित काडतूसही कागदीच आहे. १८५७ साली ज्याच्या चरबीवरून ठिणगी पडली ते एनफील्डचं काडतूस म्हणजे दारू आणि गोळी बांधलेली कागदाची पुडी. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत, १८६६ साली, इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेत हायरम बर्डन यांनी धातूच्या काडतुसाची आपापली पेटंटं घेतली. बॉक्सरची पहिली पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. तापलेल्या नळीत ती चिकटून बसे, फाटे. सुदानच्या लढायांत ऐन वेळी अशा पुंगळ्या अडकल्या, तेव्हा ब्रिटिश सैन्य एकसंध पितळेच्या, ओढून लांबवलेल्या पुंगळीकडे वळलं.

त्या दोघांच्या पेटंटांतला एक बारीकसा फरक आजच्या छंदाच्या मुळाशी आहे. पुंगळीच्या बुडात ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसते, तिला प्रायमर म्हणतात. बॉक्सरच्या रचनेत प्रायमरच्या मागे नेमकं मध्यावर एकच भोक असतं. तोंडातून एक सरळ सुई घातली की वापरलेला प्रायमर सहज बाहेर पडतो. बर्डनच्या रचनेत भोकं दोन आणि मध्यापासून बाजूला, त्यामुळे सुई चालत नाही. गंमत अशी, की अमेरिकेनं इंग्रज बॉक्सरची रचना उचलली आणि युरोपात अमेरिकी बर्डनची रुळली. त्या एका मधल्या भोकामुळे अमेरिकी माणसाला तीच पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते.

आपल्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, स्वप्निल कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. त्या दोन्ही प्रकारांत पॉइंट २२चं काडतूस वापरतात आणि त्याला वेगळा प्रायमर नसतोच. ठिणगीचं रसायन पुंगळीच्या काठाच्या दुमडीत भरलेलं असतं आणि बंदुकीतली आघात करणारी पिन तो काठच चिरडते. ती पुंगळी एकदाच जगते. पुन्हा भरली जाणारी पुंगळी मात्र अनेकदा जगते, आणि दर जन्माच्या खुणा अंगावर बाळगते.

०.०४ मिलिमीटरचा चमत्कार

पुंगळी फुगून नळीला चिकटते इथपर्यंत कळायला सोपं आहे. खरं नवल ती सुटते यात आहे.

कोणताही धातू थोडा ताणून सोडला तर मूळ मापावर परत येतो. ही त्याची स्थितिस्थापकता. एका मर्यादेपलीकडे ताणला तर तो पूर्ण परतत नाही, वाढलेला राहतो. पण तेव्हाही तो थोडासा मागे येतोच. पुंगळी आणि नळी यांच्यात सुरुवातीला काही शतांश मिलिमीटर मोकळीक असते. ती भरून काढताना पितळ आपली मर्यादा ओलांडतं, म्हणून झाडलेली पुंगळी भरलेल्या काडतुसापेक्षा नेहमीच किंचित जाड असते. दाब ओसरल्यावर ती मागे किती येणार, हे ठरतं पितळ किती कडक आहे यावर. कडक केलेलं काडतुसी पितळ साधारण ०.४ टक्के मागे येतं. १० मिलिमीटर व्यासावर ते होतं ०.०४ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. पण नळीच्या भिंतीपासून सुटायला तेवढं पुरतं.

आता तेच पितळ मऊ असतं तर ते ०.०१ मिलिमीटरच्या आसपासच मागे आलं असतं, आणि पुंगळी नळीत गच्च बसली असती. पोलादाची पुंगळी केली तर? पोलाद पितळेच्या जवळजवळ दुप्पट ताठ. तेवढ्याच ताणाला ते कमी वाकतं आणि म्हणून सुटल्यावर कमी मागे येतं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या मिश्रणात फुगण्यापुरता मऊपणा आहे, परतण्यापुरता कडकपणा आहे आणि दोन्हींचा मेळ बसेल इतकी लवचीकता. दीडशे वर्षं होत आली, माणसानं कितीतरी नवे मिश्रधातू शोधले, पण पुंगळी अजून बहुतेक वेळा पितळेचीच असते.

तांबट आळीत हे ठाऊक होतं

धातू कडक कसा होतो, हे पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत उभं राहावं. भट्टीत तापवून मऊ केलेलं भांडं तांबट ऐरणीवर घेतो आणि त्यावर ओळीनं ठोके देत जातो. या मठारकामानं भांड्यावर ती चमकती नक्षी उठते. पण मठारणं केवळ शोभेचं नाही. प्रत्येक ठोक्याबरोबर धातू थोडा अधिक कडक होतो. म्हणूनच मठारलेला हंडा पातळ असूनही पोचत नाही.

आत काय घडतं? धातू म्हणजे अणूंच्या शिस्तीत लागलेल्या ओळी. त्या ओळींत अधूनमधून चुका असतात, एखादी ओळ मध्येच तुटलेली. धातू वाकतो तो या चुका सरकल्यामुळे. ठोके बसत गेले की नव्या चुका जन्मतात, एकमेकींत गुंततात, आणि मग कुणालाच सरकायला जागा राहत नाही. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात सगळेच अडकतात, तसं. सरकणं थांबलं की वाकणं थांबतं आणि धातू कडक होतो. भट्टीत तापवला की अणू पुन्हा नव्यानं, सुट्या ओळींत बसतात आणि धातू मऊ होतो.

पुंगळी याच दोन क्रियांनी घडते. पितळी पट्टीतून गोल चकती कापतात, तिची वाटी करतात, ती वाटी साच्यातून दट्ट्यानं ओढून ओढून लांबवतात. दर ओढीला पितळ कडक होतं, म्हणून मध्ये मध्ये तापवून मऊ करतात. शेवटी बूड प्रचंड दाबानं ठोकून प्रायमरची खोबण आणि काठ उठवतात. त्यामुळे बूड सर्वांत जाड आणि सर्वांत कडक, आणि भिंत वर तोंडाकडे पातळ होत जाणारी. पुण्यात १८६९ सालापासून खडकीचा दारूगोळा कारखाना आहे आणि त्याच शहरात कसबा पेठेतली तांबट आळी. दोन अगदी वेगळी जगं, पण दोन्हीकडे धातूला कडक आणि मऊ करणारी विद्या एकच.

फुगवटा वाचायचा कसा

आता परत त्या अडलेल्या काडतुसाकडे येऊ. अनुभवी माणूस ते लगेच साच्यात घालून दाबत नाही. आधी फुगवटा कुठे आहे ते पाहतो. बुडाजवळ, कमरेला की तोंडाशी? पूर्ण गोल फिरलेला की एकाच अंगाला? वैद्यानं नाडी पाहावी तसं हे आहे. फुगवट्याची जागा सांगते की चूक बंदुकीत झाली, भरण्यात झाली की त्याही आधी.

सर्वांत बोलका फुगवटा बुडाजवळचा, एका अंगाचा. पिस्तुलात मुठीतल्या मॅगझिनमधून काडतूस वर येतं आणि नळीत शिरतं, तेव्हा ते घसरत जावं म्हणून नळीच्या मागच्या कडेला खालून एक उतार कापलेला असतो. त्या उतारापाशी पुंगळीच्या भिंतीमागे पोलाद नसतं. दाब चढला की तेवढ्याच जागी पितळ बाहेर येतं. १९९० साली आलेल्या ४० स्मिथ अँड वेसन या काडतुसामुळे हा फुगवटा अमेरिकेत घरोघर ओळखीचा झाला. १९८६ साली मायामीत एफबीआयच्या माणसांची दरोडेखोरांशी झालेली चकमक प्राणघातक ठरली. तिच्यातून अधिक जोरकस काडतुसाचा शोध सुरू झाला आणि तो शेवटी इथे येऊन थांबला. पोलिसांनी ते काडतूस मोठ्या प्रमाणावर घेतलं आणि सरावाच्या मैदानांवर त्याच्या पुंगळ्यांचा खच पडू लागला. ग्लॉकच्या सुरुवातीच्या ४० कॅलिबर पिस्तुलांत तो उतार खोल होता, म्हणून नेमबाजांनी या उंचवट्याला 'ग्लॉक बल्ज' असंच नाव देऊन टाकलं. थोड्याफार प्रमाणात तो इतर पिस्तुलांतही येतो.

मग भरताना तो जात का नाही? पुंगळी भरण्यापूर्वी एका साच्यातून वर ढकलतात. त्या साच्याच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडचं कडं असतं, इतकं कठीण आणि गुळगुळीत, की पिस्तुली पुंगळीला तेलसुद्धा लागत नाही. फुगलेली पुंगळी त्यातून गेली की मूळ मापावर येते. पण पुंगळीचं बूड धरणाऱ्या खाचेला जाडी असते आणि साच्याचं तोंड आत शिरायला सोपं जावं म्हणून किंचित गोलावलेलं असतं. त्यामुळे बुडालगतची एक अरुंद पट्टी कड्याबाहेरच राहते. आणि उताराचा फुगवटा नेमका त्याच पट्टीत असतो. साचा पुरेसा खाली फिरवलेला नसेल तर ही पट्टी आणखी रुंद होते. म्हणून पहिला इलाज सर्वांत साधा आहे. साचा बुडाच्या धारकाला टेकतो आहे का ते बघायचं.

त्यावर आणखी एक युक्ती निघाली. पुंगळी खालून वर अशी ढकलायची, की ती कड्यातून पूर्णपणे आरपार जाते. बुडापासून तोंडापर्यंत काहीच सुटत नाही. ही युक्ती ४० कॅलिबर, १० मिलिमीटर आणि ४५ एसीपी या पुंगळ्यांना चालते, कारण त्यांच्या भिंती जवळजवळ सरळ आहेत. ४० ची पुंगळी बुडाशी १०.७७ मिलिमीटर आणि तोंडाशी १०.७४. पण लुगर यांची ९ मिलिमीटरची पुंगळी बुडाशी ९.९३ आणि तोंडाशी ९.६५. ती निमुळती आहे. तोंडाच्या मापाच्या कड्यातून तिचं बूड जाणार नाही, आणि बुडाच्या मापाच्या कड्याचा तोंडाला काही उपयोग नाही. पाव मिलिमीटरच्या उतारापाशी ती साधी, सुंदर युक्ती थांबते.

बुडाजवळचा फुगवटा मोठा असेल, गोल फिरलेला असेल, सोबत प्रायमर चपटा झाला असेल, तर तो साच्याचा प्रश्न राहत नाही. दाब प्रमाणाबाहेर गेल्याची ती खूण आहे. पिस्तुली पुंगळीत दारू अनेकदा इतकी थोडी लागते, की चुकून दोनदा पडली तरी ती उतू जात नाही, आतच बसते. म्हणून शहाणी माणसं गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून बघतातच. कधी दारू बरोबर असते, पण सैल बसलेली गोळी नळीत शिरताना उताराला आपटून आत दबते. आतली जागा आकसते आणि दाब झपाट्यानं चढतो. कधी पिस्तुलाचा मागचा भाग पूर्ण बंद व्हायच्या आतच काडतूस उडतं आणि बुडाजवळची भिंत उघडी राहते. अशा वेळी पुंगळी दाबून सरळ करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. कारण सापडेपर्यंत भरणं थांबवायचं आणि त्या खेपेची उरलेली काडतुसंही बाजूला ठेवायची, एवढा एकच मार्ग.

कमरेचा फुगवटा वेगळा. साच्यातून निघालेली पुंगळी आतून गोळीपेक्षा मुद्दामच किंचित अरुंद असते, म्हणजे गोळी घट्ट धरली जाते. त्यामुळे गोळी जिथवर उतरते तिथवर पुंगळी जाड दिसते आणि खाली कंबर बारीक. अजगरानं भक्ष्य गिळल्यावर दिसतो तशी. नवशिक्याला तो दोष वाटतो. प्रत्यक्षात ती पकड चांगली असल्याची खूण आहे. पण हाच फुगवटा एका अंगालाच असेल तर गोळी तिरकी बसली आहे. पुंगळीचं तोंड पुरेसं उमललेलं नव्हतं, किंवा गोळी ढकलणाऱ्या दांड्याचा खळगा गोळीच्या टोकाशी जुळत नव्हता. तोंड किंचित अधिक उमलवायचं, गोळी हातानं सरळ उभी करायची, अर्धी बसल्यावर काडतूस अर्धा फेरा फिरवून उरलेली बसवायची. एवढ्यानं बहुतेक वेळा काम होतं. आणि गोल फुगवटा असूनही काडतूस नळीत उतरत नसेल तर गोळी मोजावी. ९ मिलिमीटरची तांब्याच्या आवरणाची गोळी असते ९.०२ मिलिमीटर, तर ओतीव शिशाची ९.०९ पर्यंत जाते. सात शतांश मिलिमीटर. मुळातच जाड भिंतीच्या पुंगळीत एवढा फरक 'टप्' आवाज गिळून टाकायला पुरेसा असतो.

तिसरा फुगवटा तोंडालगतचा. गोळी बसवल्यावर उमललेलं तोंड पुन्हा मिटवतात, त्याला क्रिंप म्हणतात. पिस्तुली काडतूस नळीत टेकतं ते तोंडाच्या काठावर, म्हणून तो काठ शाबूत हवा. क्रिंप म्हणजे उमललेलं तोंड सरळ करणं, एवढंच. पण गोळी बसवणं आणि तोंड मिटवणं एकाच फटक्यात केलं, तर तोंड मिटत असताना गोळी अजून खाली सरकत असते. काठ गोळीला रुततो, गोळी काठाला खाली ओढते आणि ती ओढ न सोसून भिंत तोंडाखालीच बाहेर येते. इलाज असा, की दोन कामं दोन वेगळ्या खेपांना करायची आणि क्रिंपचा साचा थोडा वर घ्यायचा.

या सगळ्या तपासामागची पद्धत फार सोपी आहे आणि ती कोणत्याही दुरुस्तीला लागू पडते. प्रत्येक पायरीनंतर थांबायचं. फक्त साच्यातून काढलेली रिकामी पुंगळी नळीत टाकून पाहायची. उतरली? तर साचा निर्दोष. गोळी बसवून पुन्हा पाहायचं. मग क्रिंप करून पुन्हा. जिथे 'टप्' थांबतं, तिथेच चूक आहे. नेमकी कुठे घासते ते हवं असेल तर काडतूस काळ्या मार्करनं रंगवायचं आणि नळीत फिरवून काढायचं. जिथला रंग खरवडला गेला, तिथे फुगवटा. आपण 'पितळ उघडं पडलं' म्हणतो ते ढोंग उघडकीला येतं तेव्हा. इथे पितळ अक्षरशः उघडं पडतं आणि खरं काय ते सांगतं.

तबेल्यातल्या काडतुसांचं कोडं

पितळ किती काळ लक्षात ठेवतं, याची सर्वांत नवलाची गोष्ट आपल्याच भूमीवरची आहे.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्करी ठाण्यांत साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकू लागल्या. कुणी झाडल्या नव्हत्या, कुणी आपटल्या नव्हत्या. नुसत्या ठेवल्या असताना त्यांच्या भिंतींना लांब चिरा जात. वाळत गेलेल्या लाकडाला जातात तशा. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश धातुशास्त्रज्ञांनी त्याचं कारण मांडलं. पुंगळ्या घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवलेल्या असत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया दमट हवेत पसरे आणि पितळेवर चढे. पण निव्वळ अमोनियानं पितळ तडकत नाही. पुंगळी ओढून घडवताना तिच्या अंगात ताण राहून गेला होता. बाहेरून शांत दिसणारी पुंगळी आतून ओढलेल्या धनुष्यासारखी होती. अमोनियानं पितळेच्या कणांमधल्या सीमा कुरतडल्या आणि ताणानं उरलेलं काम केलं.

ताण आणि अमोनिया दोन्ही हवेत. एक नसेल तर चीर नाही. म्हणून इलाजही नाजूक निघाला. घडवून झालेली पुंगळी अडीच-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची. इतक्या उष्णतेनं आतला ताण सुटतो, पण कडकपणा जात नाही. पुंगळी कारखान्यातला त्रास विसरते, कमावलेली ताकद मात्र विसरत नाही. आणि आजही अमेरिकेतला जाणता माणूस पुंगळ्या चकचकीत करताना अमोनिया असलेलं पॉलिश वापरत नाही.

बूड विसरत नाही

दर वेळी पुंगळी नळीत फुगते, साच्यात दबते, पुन्हा फुगते. मठारण्याचाच हा प्रकार, फक्त ठोका दारूचा. दर फेरीला ती आणखी कडक, आणखी ठिसूळ होत जाते आणि शेवटी तोंडाला चीर जाते. मग मनात साहजिक येतं, तांबटासारखं ती तापवून पुन्हा मऊ का करू नये? रायफलच्या पुंगळीच्या तोंडाला तसं करतातही. पण बुडाला कधीच नाही. नळीबाहेर राहणारा तो एकच भाग, पोलादाच्या आधाराविना हजारो पौंडांचा दाब अडवणारा. तो मऊ झाला तर पुंगळी आपल्या जागीच फुटू शकते, आणि तो सारा वायू हात आणि डोळ्यांच्या दिशेनं येतो.

बुडाजवळ एकदा मोठा फुगवटा आलेली पुंगळी म्हणूनच वाचवता येत नाही. कड्यातून काढली तर ती मापात येईल, 'टप्' करून उतरेलही. पण जिथे ती ताणली गेली, तिथली भिंत पातळ आणि ठिसूळ झालेली असते. सुधारायची तर बूड तापवावं लागेल आणि तापवलं तर ज्या कडकपणावर सारं उभं आहे तोच जाईल. जाणता माणूस अशी पुंगळी पकडीनं चेपतो, म्हणजे चुकूनही कुणी पुन्हा भरू नये, आणि मोडीच्या डब्यात टाकतो. तिथून ती भट्टीत जाते. वितळते. प्रत्येक ओढ, प्रत्येक ठोका, प्रत्येक फुगवटा पुसला जातो आणि अणू पुन्हा पहिल्यापासून ओळी लावायला बसतात.

पकडीत चेपण्याआधी मात्र ती पुंगळी एकदा बोटावर फिरवून बघावी. सेकंदाच्या हजाराव्या भागात तिच्यावर काय गुजरलं, ते तिनं जसंच्या तसं जपून ठेवलेलं असतं, आणि ते वाचायला फक्त एक बोट लागतं.